तिवड्याभोवतीचा काता

वांगी तोडण्याआधी वांग्यांना वाकून नमस्कार करणारा जानेफळात एकच माणूस होता, आमचे शेजारी कौतिकराव. हात मांड्यांना चिकटवायचे, कमरेत वाकायचं आणि मगच पाटी उचलायची. बैलांपुढेही तसंच, तराजूपुढेही तसंच. एकदा मेहकरची बस आली तर तिच्यापुढेही वाकले. सरळ होऊन बघतात तो बस पुढच्या वळणावर!

"आधी वाका, मंग ठोका," हा त्यांचा मंत्र. "ज्याले वाकता येत नाई ना मास्तर, त्याले लढता बी येत नाई." वांग्याशी कसली लढाई, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

हे खूळ आलं अकोल्याहून. भाजी घेऊन ते तिकडच्या बाजाराला जात. तिथल्या एका तालमीत कराटेचा वर्ग निघाला होता. चाळिशी उलटलेला हा गडी भाजी विकून झाली की धोतर खोचून कॉलेजच्या पोरांच्या रांगेत उभा राही. गावात सराव चाले तो खळ्यावर. शेणानं सारवलेली इतकी गुळगुळीत जमीन अकोल्यात तरी कुठं आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांची ती आरोळी! शेजारचा शेतकरी एकदा अजिजीनं म्हणाला, "कौतिकभाऊ, जवारी हुरड्यात आली. पाखरं लय येऊन राह्यले. उद्या माह्या वावरात येऊन वरडा ना." हे गेले. आधी ज्वारीपुढे वाकले, मग ओरडले.

खोट होती ती एकच. कराटेत काता म्हणून एक प्रकार असतो. समोर शत्रू आहेत असं समजून एकट्यानं ठरलेल्या क्रमानं लढायचं. सरळ जायचं, वळायचं, सरळ परत यायचं. कौतिकरावांचा काता मात्र गोल. खळ्याच्या मधोमध तिवडा असतो, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. त्याच्याभोवती हे ठोसे मारत, लाथा झाडत फिरायचे. गाव हसे. "बैल सोडले अन् सोताच मयनीले जुंपला बे!"

हसायच्या नाहीत त्या फक्त अनसूयावहिनी. पाय गेल्यामुळे त्या खाटेवर होत्या. कौतिकराव रोज सकाळी खाट उचलून तिवड्याजवळ उन्हात ठेवत, आणि मग सराव सुरू. वहिनींचे हात शाबूत होते. फाटक्या छत्रीचं कापड उसवून त्यांनी नवऱ्यासाठी काळा पट्टा शिवला होता. "पास व्हा, मंगच बांधा," अशी ताकीद देऊन तो पेटीत ठेवला. त्याच हिवाळ्यात त्या गेल्या.

त्यानंतर काळ्या पट्ट्याची परीक्षा पास होणं एवढंच कौतिकरावांच्या डोक्यात राहिलं. काता सरळ केल्याशिवाय पट्टा नाही, असं अकोल्याच्या गुरुजींनी बजावलं होतं. मी शाळेच्या व्हरांड्यात खडूनं रेघ मारून दिली. त्या रेघेवर कौतिकराव असे गेले, की दोरी लावून बघावं. मला तर गुरूच झाल्यासारखं वाटायला लागलं.

परीक्षेला मी मुद्दाम सोबत गेलो. कौतिकराव गुरुजींपुढे वाकले, मैदानापुढे वाकले, पाण्याच्या माठापुढेही वाकले. काता सुरू झाला. गेले की सरळ! आणि पहिल्याच वळणावर पाय अडखळले. मग हळूहळू गोल फिरू लागले. पोरं खुसखुसली. गुरुजींनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा गोल. "पुढच्या वर्षी या," गुरुजी म्हणाले, तेही बिचारे खालच्या आवाजात.

परतीच्या बसमध्ये माझा संयम सुटला. "अहो, माझ्या रेघेवर तर एकदा चुकला नाहीत! आज काय झालं?"

ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले,

"सीधं जमते हो मले, मास्तर. तुमच्या शाळेत सारं ध्यान रेघेवर होतं. आज गुरुजीनं पट्ट्याचं नाव काढलं, अन् मले वाटलं, बसली हाये मधात. सीधं गेलं का तिच्याइकडे पाठ होते. लय भेव वाटे तिले. म्हने, 'पाठ नोका करू जी, मी एकटी पडल्यावानी वाटते.' तवापासून मी तोंड तिच्याइकडेच ठेवतो."

गावं येत होती, जात होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खळ्यावर गेलो. समजूत काढावी, असा विचार होता. कौतिकराव उभेच होते. त्यांच्या कमरेला काही नव्हतं. तिवड्याला मात्र छत्रीच्या कापडाचा तो काळा पट्टा नीट गाठ मारून बांधलेला होता.

"अहो, हा इथं काऊन?" वऱ्हाडात राहून माझीही जीभ वळली होती.

"थो तिचाच हाये," ते म्हणाले. "मी कवा भाजीच्या गाडीच्या घाईत चुकलो, कवा अंग दुखलं म्हून मधातच बसलो. तिनं एक दिस काता चुकवला नाई. पुरा पाहे. पास तर थेच झाली ना, मास्तर."

मग हात मांड्यांना चिकटवून ते तिवड्यापुढे वाकले. त्या दिवशी सरळ व्हायला त्यांना जरा वेळ लागला.