येसबा साळिंदराचं कोरं कार्ड

एका जंगलात रोज संध्याकाळी पाच ते सात कुणी कुणाला खात नसे.

कारण त्या वेळी हुतूतू असायचं. ओढ्याकाठी एक मोठं मैदान होतं. रेषेच्या एका बाजूला बिबट्याची पोरं, दुसऱ्या बाजूला भेकराची. धरलं तर बाद व्हायचं, पोटात जायचं नाही. सातनंतर ज्याचं त्यानं बघावं. पण दोन तास एकमेकांच्या तंगड्या ओढून झाल्यावर सातनंतरही खायची जरा लाज वाटायची, असं म्हणतात.

पोरांनो, एवढी अक्कल त्या जंगलात होती. ती कुठे गेली, ते सांगते. मधे मधे प्रश्न विचारू नका. तात्पर्य शेवटी मिळेल, त्यासाठी आत्तापासून हात पसरू नका.

तर त्या मैदानावर भागूबाई घोरपड खेळायची. घोरपडीची पकड काय असते ते मी सांगायला नको. तिनं एकदा रानडुकराचा मागचा पाय धरला. डुक्कर मैदानाबाहेर गेलं, ओढ्यात गेलं, पलीकडच्या चिखलात लोळलं, आणि शेवटी आपणहून परत येऊन म्हणालं, "मी बाद आहे. पण हिला सोडायला सांगा."

त्याच संघात येसबा साळिंदर होता. राखीव खेळाडू. म्हणजे बाकावर बसणारा. अंगावर हातभर काटे. त्याला उतरवायचं म्हटलं की विरुद्ध संघाच्या आधी त्याचाच संघ हरकत घ्यायचा. सगळ्यात मोठ्यानं भागूबाई. "हा उतरला तर मी नाही," म्हणायची. मग येसबा पाण्याचे द्रोण भरायचा, आणि दम संपून परतलेल्यांना पानानं वारा घालायचा. असा तीन हंगाम बसला बिचारा. तक्रार नाही.

त्या काळी खारूताईच्या दुकानात पुड्या मिळत. प्रत्येक पुडीत आवळ्याची एक गोळी आणि एका खेळाडूचं कार्ड. पुढे चित्र. मागे माहिती: सामने किती, पकडी किती, चुका किती.

भागूबाईचं कार्ड निघालं की पोरं नाचायची. ते उशाला घेऊन झोपायची. बिळाच्या भिंतीला डिंकानं चिकटवायची. पैजेत हरायची, रडायची, परत जिंकायची. माकडांच्या पोरांनी तर चाटून चाटून तिचा रंग घालवला. येसबाचं कार्ड निघालं की मात्र पोरं पुडी परत करायला यायची. शेवटी खारूताईनं वैतागून त्याचं कार्ड छापणंच बंद केलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बरीच वर्षं गेली, आणि मग दाजीसाहेब तरसांना छंद जडला.

दाजीसाहेब स्वतः कधी खेळले नव्हते. दुसऱ्यानं केलेल्या शिकारीवर त्यांचं घराणं मोठं झालेलं. त्यामुळे दुसऱ्यानं खेळलेल्या खेळावर मोठं व्हायला त्यांना अवघड गेलं नाही. त्यांनी जुनी कार्डं गोळा करायला घेतली. काचेच्या पेट्या आणल्या, आत मखमल घातली, गुहेला 'क्रीडावैभव' असं नाव दिलं. दारावरच नियम लिहिला: हात लावू नये.

कार्डांचा दर्जा ठरवायला पारखी नेमलं, ते एक घुबड. दिवसा त्याला दिसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याच्याकडे भिंग होतं. भिंग डोळ्याला लावून ते असं काही 'हं' म्हणायचं की समोरच्याला वाटावं, आंधळे आपणच.

घुबडाचं शास्त्र सोपं होतं. कार्डाचे चारही कोपरे टोकदार हवेत. चकाकी जशीच्या तशी हवी. कुणाचा हात, दात, जीभ, जीव लागलेला नको. आणि मुख्य म्हणजे, दुर्मिळ हवं.

भागूबाईची बेचाळीस कार्डं सापडली. कोपरे गोल झालेले, एकावर मधाचा डाग, एक तर अर्धंच. घुबड म्हणालं, "दर्जा तिसरा. चिक्कार मिळतात."

मग एके दिवशी खारूताईच्या जुन्या ढोलीत एक न फोडलेली पुडी सापडली. आत दगड झालेली गोळी, आणि येसबा साळिंदराचं कार्ड. कोरं. साऱ्या जंगलात ते एकच.

घुबडानं भिंग लावलं. बराच वेळ 'हं'सुद्धा म्हणालं नाही. मग कार्ड उलटून मागची बाजू वाचली.

"सामने शून्य. पकडी शून्य. चुका शून्य." त्यानं भिंग खाली ठेवलं. "दाजीसाहेब, साऱ्या कारकिर्दीत एकही चूक नाही. असा दुसरा खेळाडू माझ्या पाहण्यात नाही."

दुसऱ्या दिवशी त्या पेटीवर पाटी लागली: जंगलाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू.

पाटी लागली की लोक वाचतात, आणि वाचलं की त्यांना पटतं. रांगा लागल्या. हत्तीनं तर कार्डासमोर उभं राहून सोंडेनं डोळे पुसले. "केवढी शांतता आहे हो चेहऱ्यावर," म्हणाला.

येसबा अजून होता. टेकाडामागे कंद उकरून खायचा. त्याला शोधून आणला, हार घातला. हार काट्यांत अडकून फाटला.

"अहो, काहीतरी घोटाळा आहे," येसबा म्हणाला. "मी कधी खेळलोच नाही."

"बघा," दाजीसाहेब लोकांकडे वळून म्हणाले. "केवढा हा विनय."

"खरंच सांगतो. मी बसून होतो."

"विनयाला तरी काही मर्यादा असावी," असं म्हणून हत्ती पुन्हा गहिवरला.

तिसऱ्यांदा येसबानं सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात तो 'बाक आणि मी' या विषयावर भाषणं द्यायला लागला.

आता गर्दीला गुहा पुरेना. दाजीसाहेबांनी महाराजांकडे अर्ज केला. खेळाच्या गौरवासाठी मोठं दालन बांधायचं आहे. जागा हवी. सपाट, मोकळी, ओढ्याकाठची. महाराजांनी पंजा उमटवला. महाराज आधी वाचत नाहीत. वाचलं तर उमटवायला जड जाईल, अशी त्यांना भीती असते.

ही बातमी आली तेव्हा भागूबाई मैदानावर पोरांना पकड शिकवत होती. म्हातारी झाली होती. शेपटी अर्धी तुटलेली, एक नख गेलेलं. तशीच मातीच्या पायांनी ती क्रीडावैभवात शिरली.

"दाजीसाहेब, मैदान घेऊ नका. पाच ते सात पोरं कुठे जातील?"

"दालनात येतील. लहानांना आठवड्यातून एकदा मोफत ठेवलंय."

"आणि बिबट्याची पोरं?"

"तीही येतील. भेदभाव नाही आमच्याकडे."

"येऊन काय करतील?"

"बघतील."

"भेकराच्या पोरांकडे बघतील," भागूबाई म्हणाली. "हुतूतू नसलं तर बिबट्याच्या पोरानं पाच वाजता करायचं काय, एवढं तरी सांगा मला."

दाजीसाहेबांना हा प्रश्न गैरसोयीचा वाटला. गैरसोयीच्या प्रश्नाला मोठी माणसं देतात तेच उत्तर त्यांनी दिलं. "आपण कोण?"

"मी भागू घोरपड. त्या बेचाळीस पेट्यांत मीच आहे."

घुबडाला बोलावलं. त्यानं एकदा कार्डाला भिंग लावलं, एकदा भागूबाईला.

"कार्डावर शेपटी पूर्ण आहे. हिची अर्धी. नख एक कमी. अंगभर ओरखडे. कार्डाशी जुळत नाही."

"शेपटी उपांत्य सामन्यात तुटली," भागूबाई म्हणाली. "ओरखडे चढाईचे आहेत."

"म्हणजे वापरलेली," घुबड म्हणालं. "अस्सल धरली तरी दर्जा चौथा."

भागूबाई तिथून निघाली ती सरळ येसबाकडे गेली. येसबा भाषणाची तयारी करत होता. म्हणजे बसला होता.

"येसबा, तुझं ऐकतात. मैदान सोडा म्हणून तू सांग."

"मी कोणत्या तोंडानं सांगू, भागूताई? मी तर कधी उतरलोच नाही तिथं."

 

"मग आता उतर," ती म्हणाली. "पायाभरणीला सगळं जंगल येणार. तिथं म्हण, खणायच्या आधी मला एक चढाई करू द्या. सर्वश्रेष्ठ खेळाडूला नाही कोण म्हणतंय? मैदान कशासाठी असतं हे एकदा लोकांनी बघितलं, की कुणाची कुदळ उठते ते बघू."

येसबाचे काटे खुळखुळले. "मला धरणार कोण, ताई? टोचतं ना माझं."

"मी धरीन. तेव्हा मीच आडवी आले होते. माझं चुकलं."

येसबा तीन हंगाम या एका वाक्यासाठी बसला होता. त्या संध्याकाळपासून तो मैदानाच्या कडेला उभा राहून दम धरायचा सराव करू लागला. चौथ्या दिवशी त्याचा दम बिबट्याच्या थोरल्या पोरापेक्षा लांब गेला. पोरं आपला खेळ थांबवून बघत राहिली.

पायाभरणीचा दिवस आला. मैदानाभोवती उभं राहायला जागा नव्हती. दाजीसाहेबांनी येसबाच्या कार्डाची पेटी मिरवत आणली होती. येसबानं उभं राहून एक चढाई मागितली. लोकांनी माना डोलावल्या. रेषा आखली. पलीकडे भागूबाई हात पसरून उभी राहिली. येसबानं दम भरला.

"थांबा," घुबड ओरडलं. "कार्डावर सामने शून्य आहेत. पाय पलीकडे पडला की सामने एक. कार्ड खोटं ठरेल."

दाजीसाहेबांनी पेटी छातीशी धरली. "येसबाजी," ते म्हणाले, "असं करू नका. आपण आहात ते या शून्यावर आहात. खेळलेले खेळाडू माझ्याकडे पोत्यानं पडलेत."

"आणि धरले गेले तर चूक एक," घुबडानं जोड दिली.

"येसबा," भागूबाई म्हणाली. "ये. मी आहे."

येसबानं तिच्याकडे पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. पेटीतला येसबा तरुण होता, आणि त्याचा एकही काटा वाकडा नव्हता.

त्याचा पाय रेषेवर तरंगत राहिला. इतका वेळ की खालून एक मुंगी रेषा ओलांडून गेली. मग येसबानं पाय मागे घेतला, आणि बसला.

टाळ्या थांबेनात. "काय बसले," हत्ती म्हणाला. "असं बसणं आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं."

भागूबाईचे हात तसेच पसरलेले होते. कुदळी सुरू झाल्या तेव्हा तिनं ते खाली घेतले.

दालन झालं. देखणं झालं, मी काही खोटं बोलणार नाही. उघडल्यापासून पहिल्याच आठवड्यात, पाच ते सातच्या दरम्यान, भेकराची दोन पोरं कमी झाली. कार्डं मात्र सगळी शाबूत राहिली. तसा अहवाल घुबडानं महाराजांना दिला, आणि महाराजांनी त्यावरही पंजा उमटवला.

मग आया पोरांना बाहेर सोडेनात. आधी भीतीनं. मग कौतुकानं.

"आमच्या धाकट्याला अजून एक ओरखडा नाही," भेकरीण शेजारच्या सशिणीला सांगायची.

"आमच्यानं तर अजून पाऊलच टाकलं नाही," सशीण म्हणायची. "म्हटलं, नख झिजेल."

दोघी आपापली पोरं केळीच्या पानांत गुंडाळून ठेवत. खारूताईनं पुन्हा पुड्या काढल्या. नव्या पोरांची कार्डं छापली. सामने शून्य, पकडी शून्य, चुका शून्य. ढिगानं.

आणि इथं घुबडाच्या शास्त्राची पंचाईत झाली. शून्यवाले चिक्कार झाले. एके सकाळी येसबाच्या पेटीवरची पाटी उतरली. त्याला कुणी कळवलं नाही. तो भाषणाला आला तर बाकावर दुसराच कुणी बसला होता, आणि तो येसबापेक्षा छान बसत होता.

भागूबाई त्या दिवसांत ओढ्याच्या कोरड्या पात्रात असायची. दगड उचलायची, काठावर टाकायची. दोन वर्षांत चार हात जागा सपाट झाली होती. एवढ्याशा जागेत कोण काय खेळणार, पण तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिथं दाजीसाहेब आले. बरोबर घुबड, आणि दोन गव्यांच्या पाठीवर काचेची एक भली मोठी पेटी.

"भागूबाई, अभिनंदन," दाजीसाहेब म्हणाले. "आपण दुर्मिळ झालात. खेळून झिजलेलं या जंगलात आता एकच उरलंय. दर्जा पहिला."

घुबडानं तिच्या शेपटीच्या थोटकाला भिंग लावलं. "अस्सल तुटलेली," ते म्हणालं.

"या पेटीत मी बसायचं?" भागूबाईनं विचारलं.

"उभ्या राहिलात तरी चालेल. आपली मर्जी."

"बसते," भागूबाई म्हणाली. "मैदान परत द्या. रोज पाच ते सात मी मैदानावर. बाकी सगळा वेळ तुमच्या पेटीत. मरेपर्यंत."

दाजीसाहेब कळवळले. त्यांचा तिच्यावर खरोखरच जीव जडला होता.

"अहो, असं कसं होईल? मैदान दिलं तर पोरं खेळतील. पोरं खेळली की झिजतील. मग आपण दुर्मिळ कशा राहणार?"

भागूबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"पाय उचला," ती म्हणाली.

दाजीसाहेबांनी पाय उचलला. तिनं त्याखालचा दगड काढून काठावर टाकला, आणि पुढच्याला हात घातला.

तात्पर्य: पोरांनो, खेळू नका. खेळलं की अंग झिजतं, कोपरे जातात, आणि झालेल्या चुका कार्डाच्या पाठीवर छापून येतात. स्वच्छ जागा बघून बसा आणि कुणाला हात लावू देऊ नका, म्हणजे सर्वश्रेष्ठ व्हाल. फक्त शेजारच्याच्या पोराला तेवढं रोज खेळायला पाठवत जा. सगळेच बसले, तर तुम्हाला विचारणार कोण?