बद्रीनाथरावांची कडक संकष्टी

बद्रीनाथरावांची संकष्टी म्हणजे कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीला एक धाक होता. दिवसभर फक्त दूध आणि एखादं केळं. खिचडी नाही, भगर नाही, दाण्याचा लाडू नाही. खिचडीची बशी घेऊन दारात आलेल्या शेजाऱ्याला ते म्हणत, "आपण खा. जिभेचे लाड करायला मला महिन्याचे बाकीचे दिवस आहेत." शेजारी बिचारा बशी घेऊन परत फिरे आणि जिन्यातच ती संपवून टाकी.

खरी गोष्ट अगदी साधी होती. बद्रीनाथरावांना शेंगदाणा सोसत नसे. दाणा पोटात गेला की ओठ सुजत, घसा आवळून येई. पण लग्नानंतरच्या पहिल्याच संकष्टीला, हिंगोलीला सासुरवाडीत, सासूबाईंनी सढळ हाताने कूट घातलेली खिचडी पुढे ठेवली, तेव्हा नव्या जावयाला हे सांगायची लाज वाटली. दाण्याला भिणारा जावई म्हणून जन्मभर हसं झालं असतं! "मी उपवासाला दूधच घेतो," ते म्हणाले. सासरे गहिवरले आणि गावभर सांगत सुटले. झालं! एकदा थोरपण अंगावर आलं की उतरवता येतंय होय? पुढे "कुटाने चव मरते" असं सांगून त्यांनी घरच्या भाजी-कोशिंबिरीतूनही दाणा आणि फोडणीतून शेंगतेल हद्दपार केलं, आणि चौतीस वर्षं निभावली.

मग चिरंजीव दिग्विजय हिंजवडीच्या कंपनीतर्फे दोन वर्षांसाठी फ्लोरिडाला गेला आणि त्याने आईवडिलांना तिथलं भलंमोठं थीम पार्क दाखवायला नेलं. तिकिटं महिनाभर आधी काढलेली. नेमकी त्याच दिवशी संकष्टी निघाली.

पुण्यातली संकष्टी खुर्चीत बसून होते. इथे पाळणे, बोटी आणि रांगा यांच्या नादात दुपारी एकपर्यंत चार मैल चालणं झालं. बद्रीनाथराव एका कारंज्याच्या कठड्यावर मटकन बसले.

"बाबा, पुण्यात आत्ता रात्रीचे साडेदहा वाजलेत," दिग्विजय म्हणाला. "चंद्र कधीच उगवला. सोडा उपवास!"

"आपण जिथे आहोत तिथला चंद्र धरायचा असतो. पुण्याचा चंद्र पुण्यातल्यांना."

"अहो, पण चक्कर येतेय ना तुम्हाला?" दुर्गाबाई काकुळतीला आल्या. "उपवासाचं काहीतरी मिळतंय का बघ रे."

दिग्विजयने दोघांना समोरच्या हॉटेलात नेलं. तिथली रीत अशी, की काही पथ्य आहे म्हटलं की खुद्द मुख्य आचारीच टेबलापाशी येतो. उंच पांढरी टोपी घातलेला एक धिप्पाड गृहस्थ वही घेऊन चक्क बद्रीनाथरावांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला. धान्य नाही, कांदा-लसूण नाही, हळदसुद्धा नाही, असं दिग्विजय सांगत गेला. आचाऱ्याने सगळं लिहून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "कशाची अ‍ॅलर्जी?"

"छे छे, तसलं काही नाही. फक्त उपवास!" दिग्विजयने परस्पर सांगून टाकलं.

बद्रीनाथराव खुर्चीत पुढे सरकले आणि पुन्हा मागे टेकले. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

पंधरा मिनिटांनी आचारी स्वतः ताटभर तळलेले बटाटे घेऊन आला. नवी कढई, वेगळा झारा, वर नुसतं मीठ.

"तेल कसलं, तेवढं विचार रे," दुर्गाबाई म्हणाल्या.

दिग्विजयने विचारलं आणि त्याचा चेहरा खुलला. "शेंगदाण्याचं! आई, आपलं शेंगतेल!"

"देव पावला गं बाई!" दुर्गाबाईंनी आचाऱ्याला हातच जोडले. "शेंगतेल उपवासाला चालतं. घ्या."

"मी उपवासाला खात नाही."

"आज खायचं." त्यांनी एक फोड उचलून नवऱ्याच्या ओठांशी नेली. "माझी शपथ आहे तुम्हाला."

फोडीचा खमंग वास नाकात शिरला आणि बद्रीनाथरावांच्या जन्माचं थोरपण त्या वासात विरघळलं. "अगं, मला शेंगदाणा चालत नाही!"

"उपवासाला चालतो हो."

"उपवासाला चालतो, मला नाही! ओठ सुजतात, घसा बंद होतो. हिंगोलीला सांगायची लाज वाटली, मग राहूनच गेलं."

दिग्विजयचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने सांगताच आचारी ताट उचलायला धावला. पण दुर्गाबाईंनी ताटावर हात ठेवला.

"हे राहू दे म्हणावं इथेच." त्यांनी एक फोड खाल्ली, मग दोन एकदम. "नवरा दुधावर, म्हणून मीही दुधावर. आईच्या हातची खिचडी समोरून जायची आणि मी मोठ्या मनाने नको म्हणायचे. मला किती आवडते खिचडी, ठाऊक तरी आहे का तुम्हाला?" त्यांचे डोळे भरून आले, पण हात काही थांबला नाही.

बद्रीनाथरावांना फार वाईट वाटलं. आचाऱ्याने त्यांच्यापुढे उकडलेले बटाटे आणि लोणी आणून ठेवलं. ते मान खाली घालून खाऊ लागले.

थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "सोसायटीत काय सांगशील आता?"

"सोसायटीचं घेऊन बसलात!" दुर्गाबाईंनी शेवटची फोड तोंडात टाकली. "अहो, खिचडीत दाण्याऐवजी ओलं खोबरं घालता येतं. सांगितलं असतंत, तर पहिल्याच संकष्टीला केली असती."