मूल संपल्याची तारीख

मूल मोठं कधी होतं, हा प्रश्न जगातल्या सगळ्या आयांना पडतो; उत्तर मात्र फक्त इंग्लंडच्या सरकारला सापडलं आहे. कॉलेजात बसून पाव भाजायला शिकतं, ते मूल. तोच पाव बेकरीत उभं राहून, पगार घेऊन भाजायला शिकलं, तर ती प्रौढ व्यक्ती. पाव दोन्हीकडे सारखाच फुगतो, पण पावाचं मत कुणी मागवलेलं नाही.

अ‍ॅक्रिंग्टनच्या डोना हारग्रीव्ह्जला हा सिद्धांत ठाऊक नव्हता. ती शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस काम करी आणि मुलीच्या नावाने येणाऱ्या सरकारी भत्त्यावर घरभाडं भागवी. सतरा वर्षांच्या मेसीने कॉलेज सोडून क्लेगच्या बेकरीत पगारी उमेदवारी धरली, तेव्हा डोनाला इतका आनंद झाला की तिने स्वतःहून भत्ता कार्यालयाला फोन केला. (प्रामाणिक माणसांना पश्चात्तापाची संधी मिळावी म्हणून तिथे आधी पाऊण तास संगीत ऐकवतात.)

“मूल कोणत्या तारखेला संपलं?” फोनवरच्या साहेबांनी अदबीने विचारलं.

“संपलं कुठे? सोमवारपासून बेकरीत जातंय, आत्ता वर केस वाळवतंय.”

“ती प्रौढ व्यक्ती आहे, बाई. मूल सोमवारी संपलं.”

“मग त्या प्रौढ व्यक्तीला सांगा, ओला टॉवेल पलंगावर टाकत जाऊ नकोस.”

“तो विभाग आमच्याकडे नाही.”

भत्ता बंद झाला. यात अन्याय काहीच नाही. मुलगी कमावते, म्हणजे घरात पैसा येतो, हे सरकारचं गणित सरळ आहे. तो पैसा घरात येतो की नकली पापण्या होऊन मुलीच्या डोळ्यांवर चिकटतो, याची चौकशी करणं सरकारला असभ्य वाटतं.

त्या भागात यावर जुना तोडगा आहे. कमावतं पोर दर शुक्रवारी आईच्या हातावर खाण्याराहण्याचे पैसे ठेवतं. त्याला ‘बोर्ड’ म्हणतात. पण डोनाने सोळाव्या वर्षी स्वतःच्या आईला बोर्ड दिला होता, त्यापायी हवे असलेले लाल बूट हुकले होते, आणि तेव्हाच तिने शपथ घेतली होती की आपल्या पोरीकडून छदामही घ्यायचा नाही. शपथ घेताना भाड्याचा विचार कुणी करत नाही. आता तिने काटकसरीचे मान्यताप्राप्त उपाय योजले: हीटर बंद, घरात कोट, आणि जेवताना ‘मला भूक नाही’ हे वाक्य. तरी भाडं भागेना. घर सोडायचं, की पोरीला बेकरीतून काढून पुन्हा मूल करायचं, एवढंच ठरवायचं उरलं.

“आई, घरात कोट का घातलायस?”

“फॅशन आहे.”

“कुणाची?”

“माझ्या वयाच्या बायकांची. तू जेव गपचूप.”

दुसऱ्या दिवशी पीठ मळता मळता म्हाताऱ्या क्लेगने विचारलं, “काय गं, आईला बोर्ड देतेस ना?”

“ती मागतच नाही. हल्ली नुसती कोट घालून बसते.”

“मग मागतेच आहे की, बाळे.”

शुक्रवारी मेसीने किटलीखाली नोटा ठेवल्या. डोनाने त्या तिच्या जॅकिटात कोंबल्या. नोटा पुन्हा किटलीखाली आल्या, पुन्हा जॅकिटात गेल्या.

“घेतेस, की जाऊन बसू परत कॉलेजात?” मेसी म्हणाली. “तिथले पाव तूच खायचे मग.”

डोनाने पैसे घेतले, नाक पुसलं आणि हीटर लावला. लेकीचा तिला इतका अभिमान वाटला की त्या रात्री तिला भूकही लागली.

पुढच्या शुक्रवारी प्रौढ व्यक्तीने ताटात डोकावून पाहिलं. “पैसे मोजते मी. परत बीन्स?”

“एवढ्या बोर्डात बीन्सच येतात. टॉवेल उचल आधी.”

सरकार खरं ठरलं: जे घरात पैसे देतं, ते मोठं. आपल्याकडे असली कोरडी व्याख्या नाही, हे आपलं थोरपण. आपल्याकडे चाळिशीचा लेकही आईच्या हातचं फुकट जेवतो आणि वर मीठ कमी पडल्याचं कळवतो. त्याच्यापायी आईला कुणी भत्ता देत नाही, म्हणून तो बंदही होत नाही. हे वाचताना तुमच्या हाताशी जो चहा आहे, तो कुणी करून दिला ते एकदा आठवा, आणि मग साहेबांना सांगून टाका: तुमच्या घरचं मूल कोणत्या तारखेला संपलं?