भूलतज्ज्ञाची होडी

आमचे शेजारी डॉक्टर सबनीस रोज सकाळी गॅरेजमध्ये जाऊन होडीच्या इंजिनाला स्टेथोस्कोप लावायचे. अंगात ऑपरेशन थिएटरचा हिरवा पोशाख, डोक्याला तसलीच टोपी, आणि इंजिन बंद. मी नोकरीसाठी पुण्याहून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला नुकतीच आले होते. न राहवून विचारलं, "काका, बंद इंजिनात काय ऐकू येतं?"

"काहीच नाही. काही ऐकू आलं तर काळजी करायची."

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. सगळं आयुष्य इथल्या हॉस्पिटलात लोकांना झोपवण्यात आणि, त्यांच्याच शब्दांत, "वेळेवर परत उठवण्यात" गेलेलं. सर्जन या जमातीबद्दल त्यांचं मत काही फार बरं नव्हतं. "श्वास महत्त्वाचा! बाकी काय, शिवणकाम!" हे वाक्य ते पोस्टमनलासुद्धा इंग्रजीतून ऐकवायचे.

कॉव्हेंट्रीहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. अशा गावात या गृहस्थांकडे शर्यतीची होडी. लाकडी, सपाट तळाची, वयाने माझ्यापेक्षा मोठी, आणि मागे आठ सिलिंडरचं उघडंबोडकं अमेरिकन इंजिन. काकांची गाडी बारा महिने बाहेर थंडीत कुडकुडायची आणि होडी गॅरेजमध्ये हीटर लावून बसायची. आता त्यांनी मनावर घेतलं होतं की या म्हाताऱ्या इंजिनाला सुपरचार्जर बसवायचाच.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, एवढं ज्ञान मला पहिल्याच चहाबरोबर मिळालं. "आपल्या दमाने इंजिन जेवढा श्वास घेईल तेवढाच घेणार. हा त्याच्या छातीत आणखी भरतो. मी तरी जन्मभर दुसरं काय केलं गं?"

मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून मला पाना धरता येत असणार असा त्यांचा समज होता. माझे शनिवार त्या गॅरेजमध्ये बुडाले. काका हात पुढे करायचे आणि मान न वळवता म्हणायचे, "स्पॅनर!" मी तो सिस्टरच्या अदबीने हातात ठेवायचा. चुकीचा ठेवला की, "पेशंट दगावेल आपला!"

पेशंट खरंच दगावणार होता. पंप बसला, पट्टा चढला, काकांनी इंजिन सुरू केलं आणि वरून धडाम्‌ करून जाळ निघाला. समोरच्या मिसेस पार्किन्सनी फायर ब्रिगेडला फोन केला. ती माणसं येईपर्यंत काका अर्ध्या भुवया गमावून कठड्यावर बसले होते.

"हवा वाढवली आणि पेट्रोल वाढवायचं राहिलं," ते म्हणाले. "ऑक्सिजन पूर्ण सोडला आणि सलाईन बंद! भूल देणाऱ्याचीच चूक. आम्हाला हवेपलीकडे काही दिसत नाही."

मला मात्र रागच आला. "पण कशाला हा खटाटोप, काका? चांगली पळते की होडी! या वयात तुम्हाला कोणाला हरवायचंय?"

काकांनी उरलेली भुवई चोळली.

मग म्हणाले, "तुझी काकू या होडीत एकदाच बसली. लग्न होऊन इथे आली तेव्हा फार गप्प असायची. कोणाशी बोलणार? मी ड्युटीवर, बाहेर अंधार. होडी घेतली त्या उन्हाळ्यात तिला नेलं. नऊवारी नाही, पाचवारीच, पण वर माझा रेनकोट. होडी सुटली आणि ही एकदम ओरडायला लागली, 'अजून! अजून जोरात!' इतकी हसत होती! मी पेडल पूर्ण दाबलेलं होतं गं. इंजिनात अजून नव्हतंच."

काकू बहिणीच्या आजारपणासाठी पुण्याला गेल्या होत्या, त्या तिकडेच राहिल्या. त्याला आता वर्षं झाली होती. भांडण नाही, तंटा नाही. रविवारी फोन व्हायचा; हवा, गुडघे आणि भाज्यांचे भाव. "ये म्हणायला तोंड उघडत नाही," काका म्हणाले. "नुसत्या घरात ये असं कसं सांगू? म्हटलं, आधी होडी नीट करावी."

मी पाना उचलला.

मेमधल्या एका रविवारी आम्ही होडी तळ्यावर नेली. जुन्या खाणीत पाणी साठून झालेलं तळं, काठावर होडी-क्लबचे चार-पाच पेन्शनर आणि बेकन रोलची टपरी. काकांनी मला पुण्याचा नंबर लावून दिला. "तिला फक्त आवाज ऐकव. बाकी काही बोलू नकोस."

होडी सुटली. आधी इंजिनाची गुरगुर आली, तिच्यावर पंपाची बारीक शिट्टी चढत गेली, आणि होडीचं नाक उचललं जाऊन मागे पाण्याची भिंत उभी राहिली. मी फोन हात उंच करून धरला होता. होडी वळून लांब गेल्यावर फोन कानाला लावला.

पलीकडून काकूंचा आवाज आला, "हे आहेत?"

"हो, काकू. काकाच चालवतायत."

"आणि शेजारी कोण बसलंय?"

"तांदळाचं पोतं. होडी एका बाजूला कलू नये म्हणून पट्ट्याने बांधलंय."

"अगं बाई! भिजेल ना ते!" त्या खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, ते पोतं काढा."

काका काठाला लागले. चेहऱ्यावरून पाणी गळत होतं, श्वास लागला होता. "ऐकलं तिने? काय म्हणाली?"

"पोतं काढा म्हणाल्या."

काकांना आधी काही समजलंच नाही.

"असंच म्हणाली?"

"अगदी असंच."

ते खाली वाकले आणि पट्टा सोडवू लागले. जन्मभर दुसऱ्यांच्या नाडीवर स्थिर राहिलेल्या त्या हातांना बकल काही सुटेना. मी मदतीला पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.