अण्णा गाडी घालून बघतात

आमचे घरमालक पांडुरंगअण्णा गाडीत बसत नाहीत, गाडी घालून बघतात. मागचं दार उघडून आत शिरायचं, खांदे पुढे-मागे हलवायचे, दोन्ही हात वर करायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "काखेत ओढते." शोरूममधून गाडी घेऊन आलेला माणूस बिचारा बघतच राहतो. मायलेज, एअरबॅग, सनरूफ, सगळी उत्तरं तो पाठ करून आलेला असतो. काखेत ओढते याला काय म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

अण्णा जेन्ट्स टेलर. म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये खाली त्यांचं घर, पुढच्या खोलीत दुकान, आणि वर भाडेकरू म्हणून मी. मी साताऱ्याची, नोकरीसाठी इकडे आले. अण्णांची माणसं कैक पिढ्यांपूर्वी विठोबाला घेऊन आली ती इथलीच झाली. त्यांच्या मराठीत मधूनमधून कानडी डोकावतं. सुरुवातीला मी मनातल्या मनात ते दुरुस्त करायचे. आता आईशी फोनवर बोलताना माझ्याच तोंडून 'अय्यो' निघतं आणि ती विचारते, "काय गं, बरी आहेस ना?"

तर हे अण्णा, साठीला टेकलेले, एक दिवस जिन्यात मला अडवून म्हणाले, "ताई, मी लाइन बदलतोय. कार सेल्स."

"काय?"

"योचने चाललीय."

योचने म्हणजे कानडीत विचार. अण्णांची योचने हे साधं प्रकरण नाही. व्हरांड्याला कुठला रंग द्यायचा याची योचने मी राहायला आले तेव्हा चालू होती, ती अजून चालूच आहे. पण या वेळी कारण खरं होतं. दुकान पार बसलं होतं. लोक आयते कपडे घेतात, कापड घेऊन टेलरकडे कोण येतंय? अण्णा मशीनसमोर नुसते बसून रस्त्यावरच्या लोकांच्या पँटी बघायचे आणि सुस्कारे सोडायचे. दिवसभर तोंडातून शब्द नाही.

आत सरोजक्का, त्यांची बायको. तिचे गुडघे गेलेले. एके काळी ही बाई जुन्या म्हैसुरातल्या विठोबाच्या देवळात चालत जायची आणि भजनात टाळ धरायची म्हणे. पण तेव्हा दोन वर्षं झाली होती, फाटकाबाहेर पाऊल नाही. स्कूटरवर चढता येत नाही, रिक्षाचे धक्के सोसत नाहीत, आणि टॅक्सीचं नाव काढलं की फिसकारायची, "मी काय पेशंट आहे, मला गाडीत घालून न्यायला?"

अण्णांना गाडी चालवता येत नाही. मी ही अडचण काढली तर म्हणाले, "मी कोट शिवतो. कोट घालतो काय?" त्यांचा नियम एकच, ट्रायल घेतल्याशिवाय डिलिव्हरी नाही. जी गाडी आपण घालून बघितली नाही, ती गिऱ्हाइकाच्या अंगाला कशी लावायची? म्हणून दर रविवारी कुठल्या तरी शोरूमला फोन. तोही माझ्या नावाने, कारण लायसन्स माझ्याकडे आहे आणि, अण्णांच्या मते, माझ्या तोंडावर पगार दिसतो.

रविवारी सकाळी गाडी फाटकाशी हजर. स्टिअरिंगवर मी, शेजारी शोरूमवाला, मागे अण्णा आणि सरोजक्का. अक्का कशाला, असं मी पहिल्या दिवशी विचारलं.

"लेडीज ओपिनियन," अण्णा म्हणाले. "गाडी घेतो नवरा. कुठली घ्यायची ते कोण ठरवतं? अय्यो ताई, तुम्हाला सांगायला पाहिजे काय?"

निघण्याआधी गळ्यातली टेप काढून ते एकच माप घ्यायचे, जमिनीपासून मागच्या सीटची उंची. इंजिन, डिकी, कशाकडे ढुंकून बघायचे नाहीत. माप मनासारखं नसलं की गाडी आल्या पावली परत.

रस्ताही ठरलेला. शोरूमवाला म्हणायचा, रिंग रोडला चला, पळवून बघा. अण्णा म्हणायचे, "बेड, बेड! नको. पळणारी गाडी सगळेच विकतात. उभी कशी वाटते ते बघू." मग गाडी मार्केटपाशी गजऱ्यासाठी उभी, अक्काच्या माहेरच्या गल्लीत उभी, विठोबाच्या देवळासमोर उभी. तिथे तर भजन संपेपर्यंत ट्रायल चालायची. एकदा अण्णांनी "तलकाडला जाऊ, वाळूत कशी चालते बघू" असं काढलं, म्हणजे कावेरीकाठी पन्नासेक किलोमीटर, तेव्हा शोरूमवाल्याला एसीत घाम फुटला.

तरी ही माणसं बोलावली की यायची. कारण अक्काची साडी नेसून होईपर्यंत अण्णा त्यांना लुंगी देऊन व्हरांड्यात बसवायचे आणि त्यांच्या युनिफॉर्मची ढगळ पँट मापात आणून द्यायचे.

अक्काही परीक्षकाचं काम मन लावून करायची. "हिचं दार उद्धट आहे," म्हणायची. किंवा, "सीट छान आहे, पण यांचं कोपर लागतं. बायका घेणार नाहीत."

एका रविवारी अण्णा गजरा आणायला उतरले तशी ती पुढे वाकून हळूच म्हणाली, "तुला सांगते, त्यांना सांगू नको. हे कसली गाडी विकतात? पण दुकान बसल्यापासून घुम्यासारखे झाले होते बघ. आता शनिवारपासनं बडबड सुरू. म्हणून येते मी. नाहीतर मला मेलीला कुठं हौस या वयात हिंडायची?" आणि आरशात बघून केस नीट केले. गजरा यायचा होता ना!

मग अघटित घडलं. अण्णांनी 'काखेत ओढत नाही' म्हटलेली गाडी आमच्या गल्लीत दोन-तीन घरांनी घेतली. शोरूमचा मॅनेजर स्वतः मिठाई घेऊन आला आणि म्हणाला, सोमवारपासून कामाला या. मला केवढा आनंद झाला! संध्याकाळी अण्णा वर आले, तेव्हा मी पेढ्यांसाठी हात पुढे केला.

"नको म्हणालो त्याला," अण्णा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अण्णा! माझे सगळे रविवार खाल्लेत तुम्ही! आणि आता नको?"

"तिथं रविवारी सुट्टी नाही, ताई. गिऱ्हाईक सगळं रविवारी."

"मग दुसऱ्या वारी घ्या की!"

अण्णा दारात उभे राहून टेप बोटाला गुंडाळत होते. "बाकीच्या वारी भजन नसतं," ते म्हणाले. "फिरायला चल म्हटलं तर सरोजा येत नाही. डॉक्टरकडे म्हटलं तरी नाही. दोन वर्षं म्हणून म्हणून थकलो. माझ्या धंद्याला तुझी गरज आहे म्हटलं, तर सकाळी उठून कपाटातली साडी काढून बसली. सीटची उंची जमली की उतरताना तिला कुणाचा हात धरावा लागत नाही. हात धरावा लागला की तिचं तोंड एवढंसं होतं, ते मला बघवत नाही." मग घाईघाईने म्हणाले, "तिला सांगू नका हं."

मला हसूही येईना आणि रडूही आवरेना. दोघांचीही गुपितं माझ्याकडे, आणि दोघांनाही शब्द दिलेला. कसंबसं विचारलं, "मग लाइन बदलायचं रद्द?"

"छे छे! रद्द कुठं म्हणालो? एवढी मोठी लाइन, घाई करून कसं चालेल?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी एका राहिलेल्या शोरूमला फोन लावला. रविवारी सकाळी गाडी पाठवा, म्हटलं. मागची सीट फार खाली नको. आणि ट्रायल जरा लांबची आहे, तलकाडपर्यंत.

पलीकडच्या माणसाने पत्ता लिहून घेतला. मग म्हणाला, "मॅडम, गाडी घ्यायची नक्की आहे ना?"

"योचने चाललीय," मी म्हणाले.