गोळीमुक्त गव्याचा सत्कार

एका जंगलात, मुलांनो, दौलतराव नावाचा एक गवा राहायचा. कळपाचा तो म्होरक्या. एकदा पाणवठ्यावर त्याचं तोंड वाकडं झालं आणि डावे दोन्ही पाय लुळे पडले. डोक्यात रक्ताची गाठ अडकली होती.

डॉक्टर काटे नावाच्या साळिंदराने त्याला वाचवलं आणि बजावलं, "तुमचं ब्लडप्रेशर फार वाढलं होतं. ही गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी घ्यायची."

दौलतरावाला बरं वाटलं. पाय चालायला लागले. प्रेशरही नॉर्मल आलं.

"आता गोळी कशाला?" त्याने बायकोला विचारलं.

"अहो, गोळी घेताय म्हणून नॉर्मल आलंय," हौसाबाई म्हणाली.

दौलतरावाला पटेना. एवढा मोठा देह हरभऱ्याएवढ्या गोळीवर चालतो, याचीच त्याला लाज वाटायची. त्याने चारचौघांना विचारलं.

"गोळीची सवय लागते. सोडा," अस्वल म्हणालं.

"मी जन्मभर उलटा लटकतोय," वटवाघूळ म्हणालं. "प्रेशर मोजायची कधी वेळच आली नाही."

गव्याला पेलेल अशी फांदी जंगलात नव्हती. म्हणून दौलतराव रोज मान खाली घालून उभा राहू लागला. गोळी बंद केली. काहीच झालं नाही. जंगलाला इतकं कौतुक वाटलं, की 'गोळीमुक्त गवा' म्हणून त्याचा सत्कार ठरला.

हार घालून झाल्यावर दौलतराव बोलायला उठला. "मित्रहो, मी आज... भुई... बुडुबुडु..."

"अध्यात्मात शिरले," अस्वल शेजाऱ्याला म्हणालं. टाळ्या पडल्या.

हौसाबाईला मात्र त्याच्या ओठाचा कोपरा खाली ओघळलेला दिसला. सभा तुडवत ती धावली आणि डॉक्टर काट्यांना घेऊन आली. जीव वाचला. वाचा गेली.

दुसऱ्या दिवशी सगळे भेटायला आले.

"गोळी सोडा, असं सांगितलं तरी कुणी?" अस्वलाने कळवळून विचारलं.

दौलतरावाने उजवा खूर उचलून त्याच्यावर रोखला. अस्वलाने मागे वटवाघळाकडे पाहिलं. वटवाघळाने आपल्या मागे पाहिलं. तिथे एक ऐनाचं झाड होतं.

"झाडाचं ऐकलंत होय," वटवाघूळ म्हणालं. "आम्हाला तरी विचारायचं."

हौसाबाईने गोळी पुढे केली. दौलतरावाने आ केला.

तात्पर्य: प्रेशर नॉर्मल आलं की गोळी खुशाल बंद करावी. सत्काराचं भाषण तेवढं आधी उरकून घ्यावं.