बाबारावांचं नाक

सदर मोहल्ल्यातले आमचे शेजारी बाबाराव शर्यतीआधी प्रत्येक सायकलवाल्याचं तोंड हुंगायचे.

"आ कर गा," म्हणत ते नाक पुढे करत. गडी कांदाभाकर खाऊन आलेला असला तरी ते डोळे मिटून, अत्तर पारखावं तसा श्वास घेत.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातर्फे दर हिवाळ्यात सावनेरला जाऊन परत यायची शर्यत असे आणि बाबाराव तिचे कायमचे पंच. पोरं दरवर्षी आधीपेक्षा लवकर परतू लागली होती. लोक टाळ्या पिटायचे. बाबारावांच्या कपाळावर आठ्या.

"रस्ता तोच, पाय तेच. मंग हे एवढे जोरात काहून येऊन राहिले?"

सायकली हलक्या झाल्यात, असं मी म्हणे. त्यांना ते पटत नसे. ट्रकवाले झोप उडवायला घेतात त्या गोळ्या पोरांच्या हाती लागल्यात, हा त्यांचा संशय.

"पण गोळीला वास कुठं असतो?" मी एकदा विचारलं.

"गोळीले नसन. भेवाले असते."

एका वर्षी मात्र वसंता त्यांच्या नाकाखालून निसटला. मूळ सावनेरचा, इथे खोली घेऊन गिरणीत कामाला होता. परतताना तो सगळ्यांच्या पुढे होता. सदर दिसायला लागलं आणि तो सायकलसकट आडवा झाला. खिशातून गोळ्यांची पुडी निघाली. बाबारावांनी तिथल्या तिथे त्याला बाद केलं, आणि त्यालाच रिक्षात घालून धंतोलीच्या दवाखान्यात नेलं.

दुपारी मी गेलो, तेव्हा ते स्टुलावर बसून त्याच्या पोटऱ्या चोळत होते.

"काका, नंबर गेला," वसंता पुटपुटला.

"जाऊ दे. पाणी पे."

नर्सनं विचारलं, "तुम्ही वडील का?" बाबाराव चटकन हो म्हणून गेले.

संध्याकाळी सावनेरहून खरे वडील आले. बाबाराव लगेच उठले. स्टूल त्यांच्यापुढे सरकवून, "आता बरा आहे, घाबरू नका," एवढंच बोलून बाहेर पडले.

बऱ्याच वेळानं मी निघालो, तर ते फाटकाशी उभे.

"घरी नाही गेलात?"

"जाईन ना. तिथं कोण वाट पाहून राहिलं?" ते वरच्या खिडकीकडे बघत होते. "तू जा गा वर. त्याच्या बापाले इचारून ये, पोरानं काही खाल्लं का."